शेवटचं पान शाबूत

'नागायण'ची गोष्ट २०२५ मध्ये घडते. दिल्लीच्या राज कॉमिक्सनं ही हिंदी कॉमिक मालिका २००७ च्या सुमारास सुरू केली, तेव्हा ते साल इतकं लांब होतं की चित्रकार अनुपम सिन्हांनी त्यात काहीही काढावं आणि आम्ही मान डोलवावी. आता ते साल येऊन गेलंसुद्धा. म्हणून माळ्यावरची पेटी खाली काढली, आठही भाग क्रमानं लावले आणि शेवटच्या भागापर्यंत, म्हणजे 'इति काण्ड'पर्यंत पुन्हा वाचत गेले. तेव्हापासून मनात जे घोळतंय ते लिहायचं आहे.

ज्यांनी ही मालिका वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'नागायण' म्हणजे रामायणाच्या चौकटीत बसवलेली नागराजची, अंगातून साप सोडणाऱ्या सुपरहिरोची गोष्ट. नागद्वीपची राजकुमारी विसर्पी सीतेच्या जागी, क्रूरपाशा रावणाच्या जागी आणि रामाशेजारी लक्ष्मण असावा तसा नागराजशेजारी राज कॉमिक्सचाच दुसरा नायक सुपर कमांडो ध्रुव. भागांची नावंही कांडांचीच: वरण, ग्रहण, हरण, शरण, दहन, रण, समर आणि इति. रामायणाची कांडं सात, इथे एक जास्त. नावं नुसती ओळीनं वाचली तरी अर्धी कथा कळते. आणि खरं तर कथा आधीपासून सगळ्यांनाच माहीत होती. हरण झालं की शोध होणार, दहन झालं की युद्ध होणार, रावण मरणार. तरीही प्रत्येक भागानंतर पुढच्याची वाट बघण्यात आम्ही कासावीस होत होतो. शेवट ठाऊक असलेल्या गोष्टीच्या शेवटासाठी माणसं इतकी का थांबतात, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता थोडं कळतं असं वाटतं, आणि त्यासाठी मला रामबागेतल्या त्या दुकानापासून सुरुवात करावी लागेल.

इंदूरच्या आमच्या पिढीनं कॉमिक्स विकत घेऊन फार कमी वाचली. ती भाड्यानं मिळायची. एका जुन्या वाड्याच्या ओट्यालगतच्या खोलीत आडव्या दोऱ्या बांधलेल्या आणि त्यांच्यावर कपडे वाळत घालावेत तशी कॉमिक्स लटकवलेली. दुकान चालवणारे काका मराठीच. शहरातल्या एका कापड गिरणीत ते कारकून होते. गिरणी बंद पडली, तेव्हा घरातल्या मुलांची कॉमिक्स त्यांनी ओट्यावर मांडली आणि त्यातून हे दुकान उभं राहिलं. दिवसाला एक रुपया, जाड विशेषांकाला दोन. तिथेच बाकावर बसून वाचलं तर निम्मं. शेजारच्या मुलांशी आम्ही हिंदीत भांडायचो, काकांशी मराठीत बोलायचो. ते प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवायचे, "पान दुमडू नकोस गं बाई, तुझ्यामागे अजून वीस जण वाचायचेत."

वीस जण वाचायचे हीच अडचण होती. साध्या कॉमिकला मध्ये दोन पिना मारलेल्या असतात. अशा बांधणीत सगळ्यात बाहेरचा कागद एकच असतो, आणि त्याच्यावरच पहिलं पान आणि शेवटचं पान दोन्ही छापलेली असतात. मुखपृष्ठ सुटलं की पाठोपाठ तोही कागद सुटतो. म्हणजे हाताळून हाताळून जुनं झालेलं कॉमिक आधी आपली सुरुवात आणि शेवट हरवतं, आणि शेवटपर्यंत टिकते ती मधली मारामारी. आमचं सगळं लहानपण असल्या मधल्या मारामाऱ्या वाचण्यात गेलं. खलनायकानं ध्रुवाला बर्फाच्या खोलीत कोंडलंय, ध्रुव खोलीतल्या सामानाकडे बघून विचार करतोय, आणि पुढे पानच नाही. ध्रुवाकडे कुठलीही अलौकिक शक्ती नाही. सर्कशीत शिकलेली कसरत, प्राण्यापक्ष्यांची भाषा आणि विज्ञानाचं डोकं एवढ्यावर तो सुटतो. त्यामुळे तो कसा सुटला हे न कळणं फार जाचक असायचं. नागराजचं एक बरं होतं, त्याच्या अंगातून साप निघाले असतील असं धरून चालता यायचं.

त्यात पुन्हा दोन-तीन भागांत वाटलेल्या कथा. पहिला भाग दुकानात असायचा, दुसरा कुणीतरी नेलेला आणि परत न आलेला. 'आगे क्या हुआ, जानने के लिए पढ़ें' असं पानाच्या तळाशी लिहिलेलं असायचं आणि जाणायला काही मार्ग नसायचा.

मग शेवट तोंडी मिळायचे. माझा मावसभाऊ यात पटाईत होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्यानं सगळे दुसरे भाग ग्वाल्हेरला आत्याकडे वाचलेले असायचे. गच्चीवर गाद्या घातल्या की तो सुरू व्हायचा. नंतर मोठेपणी मूळ भाग हाती आले तेव्हा लक्षात आलं की बरेचसे शेवट त्यानं स्वतः रचले होते. त्यातले दोन-तीन तर छापलेल्या शेवटांपेक्षा सरस होते, हे मी आजही त्याला सांगते. पण तेव्हाही ऐकताना आतून कळायचंच की हे खरं नाही, हे कागदावर नाही. शेवट कागदावर असावा लागतो. ज्यानं गोष्ट सुरू केली त्याच्याच हातून तो उतरावा लागतो. वाचकानं त्याला आपले दिवस दिलेले असतात, त्याच्या बदल्यात तेवढं मागणं जास्त नाही.

इथे एक आडवळण घेते, कारण ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. ही कॉमिक्स हिंदी, छापखाना दिल्लीचा. पण नागराजचा पहिला चेहरा काढला तो पुण्याच्या प्रताप मुळीकांनी. १९८६ मध्ये नागराजचं पहिलं कॉमिक आलं आणि पुढे कितीतरी अंक त्यांच्याच कुंचल्यातून उतरले. अमर चित्र कथेतले देव आणि राजे काढलेला तो हात. त्यामुळे सुरुवातीच्या नागराजची उभं राहण्याची ढब पौराणिक वाटते, हिरवी कातडी असूनही. राज कॉमिक्सचाच आणखी एक नायक, भोकाल, दिलीप कदमांनी काढला. विठ्ठल कांबळे, मिलिंद मिसाळ ही नावं पहिल्या पानावर चित्रांच्या श्रेयात असायची. आमच्या घरात कॉमिक्सना विरोध होता, 'हिंदी चोपडी' म्हणून आजी नाक मुरडायची. मी तिला चित्रकारांची नावं वाचून दाखवली. आजीनं चष्मा लावून ती नीट पाहिली, आणि त्यानंतर निदान जेवताना कॉमिक मांडीवर ठेवायची मुभा मिळाली. इंदूरच्या मराठी घरात असल्या गोष्टींना वजन असतं. महाराष्ट्रातून येऊन किती पिढ्या झाल्या याचा हिशेब कुणी ठेवत नाही, पण कुठे आपलं माणूस दिसलं की मान वर होते.

तर शेवट.

सुपरहिरोच्या गोष्टीत शेवट नसतो, कारण नायकाचं वय वाढत नाही. ध्रुवाचं पहिलं कॉमिक 'प्रतिशोध की ज्वाला' १९८७ चं. ज्युपिटर सर्कस जळते, कसरतपटू आईवडील जातात, पोलीस अधिकारी राजन मेहरा त्याला घरी नेतात. तेव्हा तो नुकता मिसरूड फुटलेला मुलगा होता. मी शाळेत होते तेव्हा तो माझ्यापेक्षा मोठा होता. कॉलेजात गेले तेव्हा आम्ही बरोबरीचे झालो. नोकरीला लागले आणि तो मागेच राहिला. त्याची बहीण श्वेता रात्री चंडिका होऊन त्याच्याच बाजूनं लढते आणि त्याला ते ठाऊक नसतं. लहानपणी ही माझी सगळ्यात लाडकी गंमत होती. बहिणीचं गुपित! पण अंकांमागून अंक गेले, वर्षांमागून वर्षं गेली, तरी ते गुपित तसंच. गुपिताला कधीतरी फुटायचं असतं, म्हणूनच ते जपताना छाती धडधडते. कधीच फुटणार नाही असं दिसलं की धडधड थांबते. तसंच खलनायकांचं. नागराजचा काका नागपाशा तर अमृत पिऊन बसलेला. न मरणारा खलनायक, म्हातारा न होणारा नायक, आणि महिन्यामागून महिने नवं संकट.

इंद्रजाल कॉमिक्समधून आमच्या आधीच्या पिढीनं वाचलेल्या वेताळानं, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमनं, यावर एक तोड काढली होती. बाप मेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो, आणि जंगलाला वाटतं की वेताळ अमर आहे. माणूस मरतो, वेष राहतो. ही तोड मला फार शहाणी वाटते. पण तिथेही आपण ज्याच्या गोष्टी वाचतो तो एकविसावा वेताळ काही मरत नाही. मेले ते त्याच्या आधीचे वीस.

'नागायण'नं दुसरी वाट धरली. नेहमीच्या कथांना हात न लावता काळच पुढे ढकलला. २०२५. नायक वयानं वाढलेले. ध्रुव आणि नताशाचं लग्न झालेलं, त्यांना मुलगा आहे. ज्या नताशाशी त्याचं वर्षानुवर्षं 'आहे की नाही' चाललेलं, ग्रँड मास्टर रोबो नावाच्या गुन्हेगाराची ती मुलगी, तिच्याशी त्याचा संसार आहे आणि त्या संसाराला भेगाही आहेत. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा कॉमिक मिटून बाजूला ठेवलं. इतक्या वर्षांत प्रथमच या माणसाला काहीतरी घडून गेलेलं होतं. पुढच्या अंकात पुसलं जाईल असलं नव्हे, कायमचं.

मला वाटतं रामायणाची चौकट घेण्यामागचं खरं शहाणपण इथे आहे. बाहेरून बघणाऱ्याला ती सोपी युक्ती वाटते: तयार कथा घ्या, पात्रं बदला. पण रामायण घेतलं की शेवट चुकवता येत नाही. वरण काण्ड लिहिलंत की इति काण्ड लिहिण्याचं वचन दिल्यासारखंच झालं. मध्ये कंटाळा आला, खप घसरला, दुसरी कल्पना सुचली, तरी वाचक विचारणारच की विसर्पी परत कधी येणार. गावोगावच्या रामलीलेत रावण उभा केला की दसऱ्याला तो जाळावाच लागतो, पाऊस असला तरी. लेखकानं स्वतःला असं बांधून घेणं मला धाडसाचं वाटतं. आणि त्या काळात तर जास्तच. केबल टीव्ही येऊन दशक उलटलं होतं. हिंदीतल्या कितीतरी कॉमिक प्रकाशनांचे गाशे गुंडाळले गेले होते, आणि त्यांच्याबरोबर कितीतरी नायक अर्ध्या गोष्टीत अडकून पडले होते. इंद्रजाल तर १९९० मध्येच संपलं. अशा वेळी आठ जाड भागांची एक गोष्ट हाती घ्यायची आणि ती तडीस न्यायची.

तोवर काकांचं दुकानही बंद झालं होतं. आधी व्हिडिओ गेमचं मशीन आलं, मग दोऱ्या कमी झाल्या, मग तिथे मोबाईलचं रिचार्ज मिळू लागलं. राहिलेली कॉमिक्स त्यांनी खजुरी बाजारातल्या जुन्या पुस्तकवाल्याला किलोवर दिली. त्याआधी आम्हा जुन्या गिऱ्हाइकांना बोलावून "हवं ते उचला" म्हणाले. मी उचललेल्यांपैकी एकालाही शेवटचं पान नव्हतं. काकांना ते दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, ज्याला पान असतं ते अजून भाड्यानं फिरत असतं. माझ्याकडे उरतं ते हेच." ते चिडून म्हणाले नव्हते. पण गिरणी बंद झाल्यावर या माणसानं आपल्या देण्याची किती वर्षं वाट पाहिली होती हे सगळ्या गल्लीला माहीत होतं, आणि मला तिथे फार वेळ उभं राहवलं नाही.

'इति काण्ड' मी कोरं विकत घेतलं. स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवरून, कोऱ्या शाईचा वास असलेलं. घरी येऊन आधी मागून उघडलं आणि शेवटचं पान आहे ना एवढं पाहिलं. वाचलं नाही, नुसतं पाहिलं. होतं.

शेवटात काय होतं ते इथे फोडणार नाही, कारण अजूनही कुणीतरी पहिल्यांदा वाचणार आहे. एवढं सांगते की तो भाग निर्दोष नाही. अनुपम सिन्हांना रिकामी जागा बघवत नाही. एकेका चौकटीत इतकी पात्रं, इतकी अस्त्रं आणि इतके संवाद की डोळ्यांनी कुठून शिरावं ते कळत नाही. लढता लढता पात्रं एकमेकांना आपली युक्ती समजावून सांगतात. ज्या वेगानं शरण काण्डापर्यंत गोष्ट पळाली, तो वेग युद्धात अडखळतो. आठ भागांत उघडलेली इतकी दारं एकाच भागात बंद करायची म्हटल्यावर काही धाडकन बंद होतात, काही नुसती लोटून घेतलेली राहतात. मैत्रिणींशी माझं यावर पुष्कळ भांडण झालं. त्यांच्या मते युद्ध दोन भागांत आटपायला हवं होतं. मला वाटतं, युद्ध आणखी छोटं आणि युद्धानंतरचं जरा मोठं हवं होतं. रामायणातही मला लंकेपेक्षा अयोध्येला परतल्यावरचं जास्त अस्वस्थ करतं. लढाई संपल्यावर माणसं एकमेकांकडे कशी बघतात, कोण कुणाशी काय बोलत नाही, ते.

पण हे सगळे हिशेब नंतरचे. त्या रात्री शेवटचं पान उलटल्यावर मला जे वाटलं ते समाधान होतं. एक गोष्ट सुरू झाली, वाढली आणि संपली. ज्यानं सुरू केली त्यानंच संपवली, कागदावर. वीस जणांच्या हातांतून जाऊन तिचं पान गळलं नव्हतं. काकांच्या बाकावर अर्ध्यात सोडलेल्या कितीतरी गोष्टींचं देणं फिटल्यासारखं वाटलं.

काही जण म्हणतात की तो शेवट खराच नव्हे. 'नागायण' संपल्यावरही नागराज आणि ध्रुव नेहमीच्या अंकांत तसेच तरुण राहिले, तसेच लढत राहिले. समांतर जगातली गोष्ट, तिनं काही बदललं नाही. मग तिला शेवट कसं म्हणायचं? हा आक्षेप मी पुष्कळ ऐकला आहे आणि मला तो पटत नाही. रावण दरवर्षी जळतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहतो, म्हणून या वर्षीचं जळणं लटकं ठरत नाही. नेहमीच्या अंकांतला ध्रुव वय न वाढता धावत राहील, राहू दे. पण आता मला ठाऊक आहे की कुठेतरी एक ध्रुव आहे ज्याला मुलगा आहे, ज्याच्या हातून काही सुटलं आणि ज्यानं काही राखलं. त्या जाणिवेनिशी जुने अंक वाचताना नताशा दिसली की मी थबकते. बदल झाला तो वाचणाऱ्यात झाला.

आणि नेहमीच्या अंकांचं तरी काय झालं? राज कॉमिक्सचे संस्थापक राजकुमार गुप्ता. त्यांच्या तीन मुलांची, संजय, मनोज आणि मनीष गुप्तांची, आता तीन वेगळी प्रकाशनं आहेत. तेच नायक, तीन घरांत. जुन्या अंकांची देखणी पुनर्मुद्रणं निघतात आणि आमच्या वयाची माणसं ती हौसेनं घेतात, आधीच नोंदणी करून. मला याचा आनंदच आहे, मीही घेते. ज्यांची शेवटची पानं कधी पाहिली नव्हती ते अंक आता गुळगुळीत कागदावर पूर्ण मिळतात. ध्रुव बर्फाच्या खोलीतून कसा सुटला ते मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. पण तीन घरांतल्या तीन ध्रुवांना कधी एक शेवट मिळेल, याची आशा मी ठेवत नाही. म्हणून 'नागायण'ची किंमत माझ्या लेखी वाढत जाते. सगळं एका घरात असताना, चित्रकाराच्या हातात जोर असताना, त्यानं एक गोष्ट काठाला लावून ठेवली.

माझी पुतणी राजेंद्रनगरला आमच्याजवळच राहते, नववीत आहे. पेटी खाली आल्यापासून ती रोज संध्याकाळी येते. मी तिला वरण काण्ड दिलं. तिनं ते बाजूला ठेवून इति काण्ड उचललं. मी म्हटलं, अगं, हा शेवट आहे, आम्ही याच्यासाठी किती थांबलो होतो. तर म्हणाली, "आत्या, रावण मरतो हे कुणाला माहीत नाही? मला तो कसा मरतो ते आधी बघू दे, मग तो इतका वाईट का झाला ते शोधते." मी तिला क्रमानं वाचण्याबद्दल बरंच ऐकवलं. तिनं ते पोहे खाता खाता ऐकून घेतलं आणि इति काण्ड घेऊन गेली. ते झालं, मग समर, मग रण. काल दहन काण्ड परत केलं, पान न दुमडता, आणि विचारलं की ध्रुव आणि नताशाचं नक्की कशावरून बिनसलं. मी सांगितलं नाही. ते मागच्या भागांत आहे म्हटलं, तर शरण काण्ड घेऊन गेली.